भाऊजी आणि पिकअपचे वायपर

कारखान्यातून आलेली कोणतीही वस्तू पूर्ण झालेली नसते, ती फक्त फाटकाबाहेर पडलेली असते, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो आमच्या शेजारी राहतो. मुलांनो, तुम्ही लहान असताना त्यांच्या पिकअपच्या हौद्यात बसून पेरू खाल्ले आहेत, पण तिकडे दूरदेशी गेल्यावर ते तुम्हाला आठवत नसेल. ते शांताचे यजमान. शांता माझी शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते. शेलूबाजारात निम्मे लोक त्यांना भाऊजीच म्हणतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची शांताशी ओळखही नाही.

भाऊजींच्या हाती नवी वस्तू आली की ते ती आधी उलटी करून पाहतात. छत्रीच्या काड्या त्यांना कमी वाटल्या, म्हणून त्यांनी मध्ये मध्ये सायकलच्या तारा बसवल्या. ती छत्री वाऱ्यानं उलटत नाही हे खरं, पण ती मिटतही नाही. पावसाळाभर ती ओसरीत उघडीच असते आणि एका वर्षी शांताची मांजर तिच्याखाली व्याली. कूलरला त्यांनी कुठल्याशा जुन्या ट्रॅक्टरचा पंखा लावला, तेव्हा हवा अशी सुटली की त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर आमच्या अंगणात आलं. मी ते परत न्यायला गेले तर ते खुशीत म्हणाले, "पाहा मॅडम, आता याले म्हणाव हवा." माझा गुडघा दुखायला लागल्यावर मी काठी घेतली. भाऊजींनी ती दोन मिनिटं हातात धरली, खालचं रबर उपटून टाकलं आणि तिथे मोटरसायकलच्या पायदानाचं रबर ठोकून दिलं. दिसायला ती काठी विचित्र आहे, पण अजून एकदाही घसरलेली नाही. असल्या प्रत्येक कामानंतर ते हात पुसत एकच वाक्य म्हणतात, "कंपनीनं तिचं काम केलं, आता आपलं चालू."

त्यांची पिकअप म्हणजे या तत्त्वज्ञानाचं चालतं प्रदर्शन. धनजच्या एका संत्रेवाल्याकडून त्यांनी ती घेतली तेव्हाच ती वयस्क होती, आणि मूळ रंग पांढरा असावा असं नुसतं अनुमान करता येई. तिच्यातून सोयाबीन जातं, हळद जाते, वऱ्हाडी मंडळी जातात, आणि चौदा एप्रिलला फुलांनी सजून मिरवणुकीत सगळ्यात पुढे तीच असते. ड्रायव्हरशेजारची कंपनीची गादी काढून भाऊजींनी मंडपवाल्याकडचा अर्धा सोफा कापून तिथे बसवला. त्यावर दोघं ऐसपैस मावतात आणि बसणाऱ्याला आपलंच लग्न असल्याचा भास होतो. हॉर्न असा की रस्त्यातली म्हैस बाजूला होण्याऐवजी कौतुकानं मागे वळून पाहते.

इतकं सगळं बदललं, पण वायपर मात्र मूळचेच राहिले होते. आपल्याकडे पाऊस असतोच किती, असा त्यांचा विचार. वायपरची मोटर बंद पडली तेव्हाही ते दुकानात गेले नाहीत. त्यांनी वायपरांना सुतळी बांधली, एक टोक आपल्या खिडकीतून आत घेतलं आणि दुसरं शेजारच्या खिडकीतून. एकदा ड्रायव्हरनं ओढायचं, एकदा शेजाऱ्यानं, म्हणजे वायपर इकडून तिकडे जातात. ही योजना गावात पुष्कळांनी वाखाणली. शेजारी अर्थातच शांता असे.

एका श्रावणात दोघं जऊळक्याकडे शांताच्या बहिणीच्या गावी निघाले होते. पाऊस असा की पुढे रस्ता आहे की नाला ते कळेना. भाऊजी ओढ म्हणत, शांता ओढे. तिचा हात खांद्यापर्यंत भिजलेला. शेवटी वैतागून तिनं सगळा जोर लावला, तर डावीकडची दांडीच उपटून, सुतळीसकट, तिच्या मांडीवर येऊन पडली. तिच्यापुढची काच पांढरीफटक झाली. भाऊजी दांडीकडे बघायला वळले आणि गाडी सावकाश, कसलीही घाई न करता, एका वावरात उतरली. कुणाला खरचटलंही नाही. पण गाडी थांबेपर्यंत आपण कशावर जाऊन आदळणार आहोत, विहिरीत चाललो की समोरून येणाऱ्या ट्रकवर, हे शांताला दिसत नव्हतं. वावराचा मालक धावत आला तेव्हा शांता दांडी मांडीवर घेऊन बसलेली होती आणि भाऊजी त्याला दाखवत होते की सुतळीला मात्र काहीसुद्धा झालेलं नाही.

त्या दिवसापासून शांतानं पावसात पिकअपमध्ये बसणं सोडलं. तिनं भांडण केलं नाही. "यायच्या गाडीत मी उन्हात बसतो, पावसात नाई," एवढंच ती सगळ्यांना सांगे. त्यामुळे वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनाच्या, महिन्यांत आमच्या विहारातल्या बायकांना भाऊजी हौद्यावर ताडपत्री ताणून गावोगाव नेत, आणि त्यांची स्वतःची बायको मागून काळ्यापिवळ्या जीपमध्ये, कोंबड्यांच्या पिंजऱ्याला टेकून येई. जीपवाला स्टँडवर सगळ्यांदेखत म्हणे, भाऊजी, तुमची पक्की सवारी आपल्याकडंच हाय बरं. भाऊजी त्याच्याबरोबर हसत. पण सोफ्याच्या खिडकीकडच्या जागेवर ते पावसाळ्यात कुणाला बसू देत नसत. तिथे नारळाचं पोतं ठेवत आणि बसायला आलेल्या बाईला, नारळ ओले होतील, असं काहीतरी सांगत.

गेल्या वर्षी शांताच्या बहिणीच्या गावातून निरोप आला की यंदा वर्षावासाची सांगता शांतानं ग्रंथ वाचून करावी. तिचं वाचन तुम्ही ऐकलेलं नाही. ती वाचायला लागली की विहाराबाहेर बसलेली तंबाखू मळणारी मंडळीसुद्धा हात थांबवतात. मान मोठा होता, आणि त्या दिवशी तिनं आपल्या गाडीतून, आपल्या शेजारी बसून जावं, एवढीच भाऊजींची इच्छा होती. सांगता आश्विन पौर्णिमेला, म्हणजे परतीच्या पावसाचा काही भरवसा नाही. ते आषाढातच वायपरच्या मागे लागले.

मोटर दुरुस्त झाली. मग मोठं ते चांगलं या न्यायानं त्यांनी दुकानातली सगळ्यात लांब पाती आणून लावली. ती मधोमध एकमेकांवर आपटत आणि उजवं पातं काचेबाहेर जाऊन परत येई. बाजाराच्या दिवशी त्यानं पानठेल्यापाशी उभ्या असलेल्या एका सभ्य गृहस्थाची टोपी उचलून नेली. भाऊजींनी ती झटकून परत दिली आणि दोष पात्यांचा नसून दांड्यांचा आहे असं जाहीर केलं. दांडीची स्प्रिंग थकली की नवं पातंसुद्धा काचेवर नुसतं फिरतं, दाबून पुसत नाही, हे त्यांनी माझ्याच काठीनं अंगणात चित्र काढून मला समजावलं, आणि ते खरंच होतं. मात्र त्यावर उपाय म्हणून ते भंगारातून एका मोठ्या बसच्या दांड्या घेऊन आले. त्या काचेला अशा आवळून बसल्या की बटण दाबल्यावर मोटर कण्हली, दिवे मंदावले आणि वायपर जागचे हलले नाहीत. भाऊजी बराच वेळ त्यांच्याकडे कौतुकानं बघत राहिले. म्हणाले, पकड पाहा.

पाऊस नसेल त्या दिवशी आमची गच्ची पावसाचं काम करी. मी वर नळी धरून उभी, खाली भाऊजी गाडीत. खिडकीतून डोकं काढून ते मला हुकूम सोडत: ही झिमझिम झाली मॅडम, आता जऊळक्याचा टाका. शांता त्यांच्या ओट्यावर तूर निवडत बसे, तीही गाडीकडे पाठ करून. मध्येच सुपातून नजर न काढता म्हणे, "नळीच्या पावसात बैल आडवा येत नाई."

माझ्या एक लक्षात आलं होतं. भाऊजी सगळा जीव डाव्या बाजूच्या काचेवर ओतत होते. उजवीकडे एखादा पट्टा राहिला तर ते सोडून देत. डावीकडे बोटाएवढा डाग राहिला तर पुन्हा सगळं उतरवत. मी विचारलं, गाडी तुम्ही चालवता, मग शेजारच्या काचेचं एवढं काय? त्यांनी आधी ओट्याकडे पाहिलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "मले तं रस्ता पाठ आहे. तिले पावसाचं भेव नाई मॅडम, समोरचं दिसत नाई त्याचं भेव आहे."

अखेर अकोल्याच्या भंगार बाजारात त्यांना मनासारखी दांडी मिळाली. खुंटीचे दाते जुळणारे, स्प्रिंग जिवंत, आणि तिला काचेच्या मापाचं पातं बसणारं. तिच्या जोडीची दांडी मात्र वाकलेली होती. दुसरी शोधून ठेवतो असं दुकानदार म्हणाला. यातलं भाऊजींनी तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही. त्यांनी काचेवर चादर टाकून ठेवली आणि त्या चादरीला मलाही हात लावू दिला नाही.

पौर्णिमेच्या सकाळी आभाळ निरभ्र होतं, म्हणून शांता पिकअपमध्ये बसली. उन्हात बसायचं नाही असं ती कधी म्हणालीच नव्हती. पांढरं पातळ, मांडीवर कापडात गुंडाळलेला ग्रंथ. सोफ्यावर खिडकीशी ती, मध्ये मी, मागे विहारातल्या बायका. दुतर्फा वावरांत कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. निम्मी वाट गेलो असू नसू, तोच पुढचं आभाळ काळं झालं आणि काचेवर मोठाले थेंब पडले. शांता म्हणाली, थांबवा, मी उतरतो. भाऊजींनी मुकाट्यानं गाडी बाजूला घेतली. मागून ती नेहमीची जीप येतच होती, तीही थांबली. शांताचा हात दाराच्या कडीवर होता. भाऊजींनी तिला बस म्हटलं नाही. त्यांनी फक्त बटण दाबलं.

डावं पातं एकदाच फिरलं आणि शांतापुढचा रस्ता धुतल्यासारखा समोर आला: कडेचा दगड, पुढची बाभूळ, बाभळीखाली भिजणारी शेळी. थेंब पडत, पातं येई, पुन्हा सगळं लख्ख. शांता बघत राहिली. तिचा हात कडीवरून केव्हा निघाला ते मला कळलं नाही. मग तिनं मान वळवून भाऊजींपुढच्या काचेकडे पाहिलं. तिथे जुनी थकलेली दांडी पाणी नुसतं पसरवत होती. त्या काचेतून शेळी तर सोडाच, बाभूळसुद्धा दिसत नव्हती.

"अन् तुमची कावून अशी?" तिनं विचारलं.

"एकच भेटली," भाऊजी म्हणाले.

मग शांतानं ग्रंथ माझ्या मांडीवर ठेवला, दोन्ही हात पुढे टेकले आणि म्हणाली, "चाला. सावकाश. समोर बैलगाडी हाय."

उरलेली वाट आम्ही बैलगाडीच्याच चालीनं गेलो. खड्डा, उजवीकडे घ्या. पोरं हायेत, थांबा. आता मोकळं हाय. आयुष्यात कुणाचं न ऐकलेला तो माणूस प्रत्येक शब्दाला हो म्हणत, डावीकडे झुकून, तिच्या काचेतून तिचा रस्ता बघत गाडी चालवत होता. जीप मागून येऊन, हॉर्न वाजवून, पुढे निघून गेली. आम्हाला उशीर झाला, पण लोक थांबले होते.

त्या दिवशी शांतानं कसं वाचलं ते मी लिहिणार नाही. तुम्ही इकडे याल तेव्हा तिच्याच तोंडून ऐका. वाचन झालं, खीर वाटून झाली, आणि आम्ही बाहेर आलो तर जीपवाल्यानं शांतासाठी पुढची जागा धरून ठेवलेली. आभाळ अजून भरलेलं होतं. या बाई, असं तो म्हणाला. शांता त्याच्याजवळून पुढे गेली आणि चालता चालता म्हणाली, "मी नाई येत बापा. यायले रस्ता कोन सांगन?"

परत निघालो तेव्हा थोडी भुरभुर होती, आणि थोड्या वेळानं तीही थांबली. ढग पांगले, सुड्यांवरच्या ताडपत्र्या उन्हात चमकायला लागल्या. शांता तरीही सांगतच होती, डावीकडे पूल हाय, पुढे वळण हाय, आणि भाऊजी हो म्हणत होते. कोरड्या काचेवर वायपर चालवला की रबर झिजतं, हे त्यांना कुणी सांगायला नको. पण वायपर तसेच कुरकुरत, इकडून तिकडे जात राहिले, आणि गाव येईपर्यंत ते बंद करा असं आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही.