चाळीस तुकडे

सरांशी माझं शेवटचं बोलणं खोटं होतं.
आणि तेही मी बोललोच नव्हतो.

सर जाऊन आज दहा दिवस झाले.

अकरावी-बारावीला कोथरूडला त्यांच्या घरी फिजिक्सच्या क्लासला जायचो. रिटायर झाल्यावर ते आम्हा जुन्या मुलांना दर रविवारी एक मेल पाठवायचे. जगात नवीन काय सापडलं, ते. कधी कॉम्प्युटर, कधी इकॉनॉमिक्स, कधी सायन्स.

नुसती लिंक फॉरवर्ड करणं त्यांना मान्य नव्हतं. आधी स्वतः पडताळायचे. भाव कसे ठरतात यावर काही नवं वाचलं, की मार्केट यार्डात जाऊन कांद्याच्या व्यापाऱ्यांचं डोकं खाऊन यायचे. मग मेल.

शेवटी एकच ओळ. "करून पाहिलंस का?"

बाकीच्यांनी उत्तरं देणं कधीच सोडलं होतं. मला ते वाईट वाटायचं. म्हणून वर्षापूर्वी मी ते काम AI ला लावून दिलं. सरांची मेल आली की तोच वाचणार, माझ्या नावाने तोच उत्तर देणार.
मी फार बिझी होतो. चहाला दिवसातून चारदा खाली उतरायचो, तेवढा.

शेवटची मेल फरश्यांवर होती. एका हौशी माणसाने असा एक आकार शोधलाय, की त्याच आकाराच्या फरश्या कितीही लावत गेलं तरी नक्षी ठरावीक अंतराने परत येत नाही. सरांनी जुन्या लग्नपत्रिका कापून तसे तुकडे केले होते.

"करून पाहिलंस का?"

'माझं' उत्तर: हो सर, चाळीस तुकडे कापले. फार मजा आली.

सरांनी लगेच लिहिलं, रविवारी घेऊन ये.
'मी' म्हणालो, नक्की येतो सर.

माझ्या घरात कात्री कुठे असते, हेही मला माहीत नाही.

त्या रविवारी सर वाट बघत बसले. मंगळवारी गेले.

परवा सरांच्या घरी काकूंना भेटायला गेलो. त्यांनी श्रीखंडाचा जुना डबा माझ्या हातात दिला, ठेव म्हणाल्या. आत सरांचे तुकडे. सतरा.

"बोटं सुजायची रे त्यांची," काकू म्हणाल्या. "पण तू चाळीस कापलेस म्हणून काय खूश होते. दोघांचे मिळून लावू म्हणाले. टेबल रिकामं करून ठेवलं होतं. राहिलं का तुझं यायचं?"

"हो काकू, ऐनवेळी काम निघालं."

हे खोटं मात्र माझं स्वतःचं.

घरी येऊन वर्षभराच्या सगळ्या मेल वाचल्या. प्रत्येक वेळी सरांनी विचारलंय आणि प्रत्येक वेळी 'मी' हो म्हणालोय. लाज वाटते.

काल कात्री विकत आणली. आत्तापर्यंत अकरा झालेत. कडा वाकड्या आहेत, एकमेकांत नीट बसत नाहीत. अंगठा दुखतोय.

काकू फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहिणं सोपं आहे. चाळीस झाले की डबा घेऊन त्यांच्याकडे जाणार आणि खरं ते सांगणार.

श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही.

सर, करून पाहतोय.