परमेश्वर हेगडेचा करंट

होसगद्द्यात परमेश्वर हेगडे दोन. एक सोसायटीत सुपारीचं वजन करायचा, तो वजनाचा परमेश्वर. दुसरा हा, चक्राचा परमेश्वर. दीड एकराची सुपारीची बाग, शेणानं सारवलेलं अंगण, वरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी सुपारीच्या पोकळ खोडांतून थेट न्हाणीपर्यंत आलेलं. तसं पाहिलं तर त्याला उणं काही नव्हतं. पण घरात एखादी वस्तू बिघडली की त्याचे डोळे चमकायचे, आणि त्याची बायको महादेवी ती वस्तू उचलून लपवायला धावायची.

"इस्त्री नुसती गरम होत नव्हती," ती शेजारणींना सांगायची. "यांनी दुरुस्त केली. आता ती इस्त्रीच नाही."

घरात तिसरं माणूस म्हणजे परमेश्वरची धाकटी बहीण दाक्षायणी. छत्तिशी उलटलेली, लग्न न झालेली. तिला लहानपणापासून दमा; छाती भरली की रात्रभर बसूनच झोपायची. तीन स्थळं येऊन गेली. तिसऱ्या वेळी ती धने-जिऱ्याच्या कषायाचे पेले घेऊन बाहेर आली तेव्हा छाती अशी वाजत होती, की मुलाच्या बापानं इकडंतिकडं बघत विचारलं, "घरात मांजर आहे का हो?" त्यानंतर परमेश्वरनं कोणाला बोलावलं नाही. ही गोष्ट दाक्षायणी स्वतःच हसत हसत सांगायची. "आहे ना मांजर. दूध पिते, चुलीपाशी बसते, आणि कुणी घेऊन जात नाही." ऐकणारे हसायचे. महादेवी मात्र उठून आत जायची.

नणंदभावजयांचं वीस वर्षं एकाच चुलीवर चाललं होतं. ताकातल्या तंबुळीत मीठ कमी की जास्त यावरून त्या रोज भांडत आणि दुपारी एकमेकींच्या केसांना तेल लावत. मुलगा धारवाडला शिकायला गेल्यापासून तर घरात बोलायला दोघीच. परमेश्वर बोलायचा तो यंत्रांशी.

दमा वाढत चालला तेव्हा सिद्धापूरच्या डॉक्टरांनी वाफेचं मशीन घ्यायला लावलं. डब्याएवढं मशीन, त्याला नळी, नळीला औषधाची कुपी आणि तोंडावर धरायची वाटी. औषध धुक्यासारखं होऊन छातीत उतरायचं. पहिल्यांदा ते लावलं तेव्हा पंधरा मिनिटांत दाक्षायणीचे खांदे खाली आले. "अत्तिगे," ती भावजयीला म्हणाली, "माणसं अशी श्वास घेतात होय? इतकं सोपं असतं?"

डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, झटका आला की आधी मशीन, मग माझ्याकडे. मशीननं वेळ मिळेल.

पण मशीनला करंट लागतो. होसगद्द्याची लाइन चार मैल जंगलातून यायची. आषाढात एखादं झाड तारेवर पडलं की आठ आठ दिवस अंधार. लाइनमन यायचा तो ओढा उतरल्यावर. त्याच दिवसांत ओढ्यावरचा साकवही वाहून जायचा, जीप पलीकडेच थांबायची, आणि नेमका त्याच दिवसांत दमा उठायचा.

तेव्हा परमेश्वरनं ठरवलं, करंट घरीच करायचा.

शिरसीच्या भंगारवाल्याकडून त्यानं ट्रकचा अल्टरनेटर आणला. झऱ्याचं पाणी वरूनच पाइपात घेतलं, खाली लोखंडी वाट्या जोडलेलं चक्र बसवलं, चक्रावरून पट्टा अल्टरनेटरला. शेजारचे गणपभट्ट, वयानं आणि तोंडानं मोठे, छत्री टेकत बघायला आले.

"परमेशा, डोंगरातलं पाणी देवानं आंघोळीला दिलंय. तुझ्या चक्राला नाही."

"तुमच्या आंघोळीला कमी पडणार नाही, भट्टमाव. चक्रावरून पडलेलं पाणी तुमच्याकडेच येतंय."

"म्हणजे आता तुझं उष्टं पाणी अंगावर घ्यायचं?"

पहिल्या दिवशी अल्टरनेटरनं चौदा व्होल्ट दिले. ट्रकचा तो, बॅटरी भरण्यापुरतं द्यायची त्याला सवय. त्यावर मोटारीचा एवढासा दिवा मिणमिणला. घराला दोनशेवीस लागतात. परमेश्वरनं त्याचा लगाम, म्हणजे व्होल्ट आवरून धरणारा भाग, काढून टाकला आणि चक्र जोरात सोडलं. पन्नास झाले, ऐंशी झाले, मग आतून काळा धूर आला. त्याला लावून बघितलेला रेडिओही त्यातच जळाला. महादेवीनं त्या दिवशी वाफेचं मशीन उचललं, देवाची चांदीची भांडी होती त्या कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.

"हे मशीन तुमच्या प्रयोगात नाही," ती म्हणाली. "सगळं घर जाळा. एवढं सोडून."

"मी कुठं मागितलं?"

"मागाल म्हणूनच सांगते."

दुसऱ्या वर्षी शिरसीच्या मोटर वाइंडिंगवाल्या इस्माईलसाबनं वाट दाखवली. जळलेल्या अल्टरनेटरमधली जाड तार काढा, बारीक तार भरा. जिथं दहा वेढे आहेत तिथं दीडशे बसवा, व्होल्ट आपोआप चढतील. परमेश्वरची बोटं जाड, तार केसासारखी. दोनदा तुटली. तिसऱ्यांदा दाक्षायणीनं ती त्याच्या हातातून घेतली. रोज हजारो सुपाऱ्या सोलणारी बोटं ती, तार त्यांच्यात सुरळीत फिरायला लागली. महिनाभर ती पडवीत बसून वेढे मोजत होती. एकशे बारा, एकशे तेरा. मध्ये कुणी बोललं की एक हात वर करायचा, गप्प.

"कसला जप चाललाय गं?" गणपभट्टांनी विचारलं.

तिनं दीडशे पुरे केले, गाठ मारली आणि मगच बोलली. "दिव्याचा. आवर्तनं पुरी झाली की देव प्रकट होतो, भट्टमाव."

वार्निश लावायच्या दिवशी मात्र परमेश्वरनं तिला बागेच्या पार टोकाला पाठवलं. त्या वासानं छाती भरली असती. ती तिथून ओरडून विचारत राहिली, "सुकलं का? आता सुकलं का?"

ज्येष्ठाच्या शेवटी, झरा भरात आल्यावर, साठाचा बल्ब लागला. मीटरचा काटा दोनशेपंचवीसवर. होसगद्द्यात करंट म्हणजे बल्ब. लाइन दुरुस्त झाली की लोक घराघरातून हाक मारून विचारायचे, "पेटला का?" आणि पेटला म्हटलं की प्रश्न मिटला. तसा तो त्या दिवशीही मिटला. निम्मा गाव बघून गेला. महादेवीनं सगळ्यांना कषाय दिला, वर उसाच्या रसात केलेले, कागदासारखे पातळ गोड तोडदेव. गणपभट्टांनी बल्बाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "एक तार आमच्या गोठ्यात ओढ. म्हशीला अंधारात भीती वाटते."

"म्हशीला, की तुम्हाला?" दाक्षायणीनं विचारलं.

त्या दिवशी परमेश्वर जेवताना दोनदा आपणहून बोलला. असं कधी होत नसे.

दोनचार दिवसांनी भाजी चिरता चिरता दाक्षायणी म्हणाली, "अत्तिगे, ते मशीन एकदा अण्णाच्या करंटवर लावून बघू या का?"

"नको."

"नुसतं लावून बघायचं."

"रेडिओ पण नुसता लावूनच बघितला होता. बल्ब लागतोय ना? दोनशेपंचवीस आहेत ना? मग वेळ येईल तेव्हा चालेल. उगाच तुझ्या श्वासाशी खेळ नको."

दाक्षायणीनं मान हलवली. तिलाही ते पटलं असावं. मशीन जळलं तर दुसरं आणायला दोन सुपारीचे हंगाम लागले असते.

आषाढात लाइन गेली. पाचव्या दिवशी साकव गेला. सहाव्या दिवशी सकाळी, दूध तापत असताना, दाक्षायणी स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसतं कपाटाकडे बोट केलं.

परमेश्वर धावत वर गेला, पाणी सोडलं. पडवीतला बल्ब लख्ख पेटला. महादेवीनं किल्ली लावली, मशीन काढलं, कुपीत औषध ओतलं, पिन खोचली, बटण दाबलं.

मशीनमधून एक बारीक सूर आला, कानाशी डास आल्यासारखा. धुकं आलं नाही.

"अहो, चालत नाही!"

"बल्ब पेटलाय का?" परमेश्वरनं वरून ओरडून विचारलं.

"पेटलाय!"

"मग चालेल. पिन नीट बसव."

तिनं पिन काढली, पुन्हा बसवली. मशीन हलवलं. आपटलं. सूर तसाच. परमेश्वरनं वरून पाणी आणखी सोडलं. बल्ब पांढरा झाला, डोळ्यांना बघवेना, आणि फटकन फुटला. काचा दाक्षायणीच्या पदरावर पडल्या. तिनं वाटी तोंडावर तशीच धरून ठेवली होती, त्यातून काही येत नसतानाही. वाटीच्या वरून नजर मात्र महादेवीवर होती, काहीतरी विचारणारी.

गणपभट्ट, त्यांचे दोन मुलगे आणि परमेश्वर, चौघांनी तिला खुर्चीत बसवून उचललं. ओढ्यावर सुपारीची चार खोडं टाकून पलीकडे जायचं ठरलं. गणपभट्टांचा मोठा मुलगा खोडं आणायला पुढं पळाला. महादेवी तिच्या पाठीवर हात चोळत बाजूनं चालत होती. गणपभट्टांच्या अंगणापर्यंत त्या हाताला पाठ वरखाली होताना कळत होती. तुळशीजवळ आल्यावर कळायची थांबली. उरलेले तिघं तरी खुर्ची घेऊन ओढ्यापर्यंत चालत गेले. शेवटी गणपभट्टांनी आपली बाजू खाली टेकवली आणि डोक्यावरचा पंचा सोडून तिच्या तोंडावर पांघरला. म्हातारा पोरासारखा हुंदके देत होता.

तेरावं झाल्यावर परमेश्वर शिरसीला गेला. इस्माईलसाबनं सगळं ऐकून घेतलं. हातातल्या चिंधीनं त्यानं बोटं पुसली.

"बल्ब आंधळा असतो, हेगडेरे," तो म्हणाला. "त्याला कुठलाही करंट चालतो. तापला की पेटला. तुमच्या मशीनमधली मोटर तशी नाही. सरकारी करंट सेकंदाला पन्नास वेळा मागंपुढं होतो. त्या तालावर ती पाऊल टाकते. तुमचा ट्रकचा डबा तीनशे वेळा होतो. पाऊल उचलायच्या आत दुसरा ताल. मग ती जागच्या जागी नुसती कण्हते."

"मला सांगितलं नाहीत."

"मला वाटलं दिव्यासाठी करताय. सगळे दिव्यासाठीच करतात. तुम्ही विचारलंत, दोनशेवीस कसे मिळतील. मिळाले ना?"

"मिळाले," परमेश्वर म्हणाला.

त्या वर्षी लाइन यायला पोळा उजाडला. एके दुपारी महादेवी बागेतून परतली तर घरात घरघर ऐकू येत होती. माजघरात परमेश्वर मशीन समोर घेऊन बसला होता. कुपी रिकामी, नळीतून वारा फसफसत होता. मशीन उत्तम चालत होतं. कपाटाला किल्ली तशीच लटकत होती; त्या दिवसापासून ती कुणी काढलीच नव्हती.

महादेवी चिखलाच्या पायांनीच त्याच्यासमोर बसली. दोन महिने गिळून धरलेलं तिनं बोलून टाकलं. दाक्षीनं विचारलं होतं. भाजी चिरताना. एकदा लावून बघू म्हणाली होती. "मीच नको म्हटलं. त्या दिवशी लावलं असतं तर आधीच कळलं असतं. तुम्ही काहीतरी केलं असतंत. तिला पाऊस लागायच्या आत सिद्धापूरला ठेवलं असतं, काहीही."

परमेश्वरनं बटण बंद केलं. घर एकदम शांत झालं.

"तू आंघोळीला जायचीस तेव्हा किल्ली खुंटीला असायची," तो म्हणाला. "रोज. मला हवं असतं तर मी काढून लावून बघितलं असतं."

"मग का नाही..."

"बल्ब लागला होता." तो नळीची गुंडाळी करत होता, पुन्हा सोडत होता. "दोन वर्षं सगळे हसत होते. मग तो लागला. दाक्षी टाळ्या वाजवत होती. मशीन लावलं असतं आणि चाललं नसतं तर? मला बघायचंच नव्हतं, मादेवी. तू नको म्हणालीस ते मला बरं पडलं."

वीस वर्षांत या माणसानं इतकं सरळ कधी काही सांगितलं नव्हतं. त्याला धीर द्यावा की त्याच्या कानाखाली वाजवावी, तिला कळेना. दोन्ही करायला हात उचलला गेला नाही. ती उठली आणि पाय धुवायला गेली.

चक्र त्यानं काढून टाकलं नाही. गणपभट्टांच्या गोठ्यातला बल्ब त्याच्यावर चालायचा, आणि त्याचा विषय काढायचं भट्टांना धाडस होत नव्हतं. पुढल्या चैत्रात वरच्या वाडीचा एक बागायतदार आला. त्याच्याकडे मोठा झरा होता. असंच चक्र करून द्या म्हणाला.

परमेश्वरनं कागद पेन्सिल घेतली. "काय काय लावणार?"

"दोन बल्ब. एक ओसरीत, एक आत."

"आणखी?"

"आणखी काही नाही, हेगडेरे. आम्हाला काय लागतंय?"

"मोटर असलेलं काही?"

"नाही, नाही."

"घरात आजारी कोण आहे?"

तो माणूस हसला. करंट मागायला आलो आणि हा वैद्यासारखं काय विचारतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "आजारी कोणी नाही. म्हातारी खोकते जरा थंडीत. वयच झालं."

पेन्सिल कागदावर थांबली. परमेश्वरनं आत बघितलं. महादेवी पेला घेऊन दारापर्यंत आली होती.

"म्हातारी रात्री आडवी होऊन झोपते," तिनं विचारलं, "की बसून?"

तो माणूस विचारात पडला. त्याला ते ठाऊक नव्हतं.