शिळं पाणी

पाडा सोडला त्या सकाळी आईनं माझ्या घरातला हंडा उचलला आणि दारातल्या केळीच्या बुडाशी ओतला. आदल्या दिवशीचं पाणी होतं. मी म्हटलं, "निघालोच आहोत, राहू दे." ती म्हणाली, "शिळं पानी घरात ठेवून जाऊ नको. जिथं जाशील तिथं रोज ओत नि ताजं भर." मग तिनं हंडा पालथा घातला. आमचे हे ट्रंक घेऊन पुढे निघाले. माझ्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं आणि लुगड्याला धरून माझी लेक शोभा. ती तेव्हा दुसरीत होती. किसन, तू अंगणात हात मागे बांधून उभा होतास. रडलं कुणी नाही. रडत बसलो असतो तर एसटी चुकली असती.

बारवी धरणाचं पाणी चढलं तेव्हा आपल्या बाबांचं खालचं भाताचं खाचर बुडालं. वरच्या उतारावर नाचणी, वरी व्हायची, ती दोन घरांना पुरत नव्हती. म्हणून आम्ही निघालो आणि तू राहिलास. यात कुणाची चूक नाही. पण तू इतकी वर्षं भेटलास की म्हणतोस, "बाय, तू सुटलीस." म्हणून हे लिहिते. मी चौथी शिकले. तेवढ्यात जमेल तसं लिहिते.

अंबरनाथला बुवापाड्यात एक खोली मिळाली. नळाला बारवीचंच पाणी. तोंडात घेतलं आणि गावची आठवण आली, असं काही झालं नाही. पाण्याला औषधाचा वास होता. पण ते कुठून येतं हे माहीत होतं. रोज सकाळी मी कालचं ओतायची आणि ताजं भरायची. शेजारच्या पार्वतीबाई ओरडायच्या, "अगं, नळ दोन तास येतो, नि तू चांगलं पाणी गटारात घालतेस?" मी ऐकलं नाही.

यांना कंपनीत वॉचमनचं काम लागलं, मला दुसऱ्या, औषधाच्या कंपनीच्या पॅकिंगमध्ये, पिंपांत पावडर भरायला. अंगाला पावडरीचा वास लागायचा. तो अंघोळीनं जात नाही. शोभा म्हणायची, "आई, तुला माहितेय का त्या पिंपात काय असतं?" मला माहीत नव्हतं. मला पिंपाचं झाकण माहीत होतं.

ते जाणून घ्यायला ती उल्हासनगरच्या कॉलेजात गेली. अप्लाइड केमिस्ट्री घेतली. म्हणाली, यात कंपनीच्या लॅबोरेटरीत लागतं ते शिकवतात. तिला पांढरा कोट हवा होता, म्हणून आम्ही दोघी तिथल्या बाजारात गेलो. दुकानदार सिंधी होता.

"किस के लिए, माई?"

"पोरगी के लिए. केमिस्ट बनेगी."

"अच्छा, दवाई की दुकान खोलेगी."

शोभा म्हणाली, "दुकान नहीं चाचा, लॅबोरेटरी."

"वो भी खोल लेना. ये कोट ले जा, इस पे दाग नहीं दिखता."

कोट पांढराशुभ्र होता. महिनाभरात त्याला अॅसिडची भोकं पडली. तिच्या बोटांना कधी पिवळे डाग, कधी काळे. पार्वतीबाईंनी पिवळी बोटं बघितली आणि विचारलं, "काय गं, हळद लागली नि आम्हाला आमंत्रण नाही?" शोभा म्हणाली, "नायट्रिक अॅसिड आहे मावशी, लावू का तुम्हाला?" तेव्हा हसलो. पण वस्तीत सगळे तेच विचारत होते. पोरीला एवढं शिकवून करणार काय? मलाही ठाऊक नव्हतं. ती संध्याकाळी प्रॅक्टिकलची वही लिहायची, मी भाकऱ्या थापायची. ती कॉलेजातल्या सरांची वाक्यं मोठ्यानं म्हणायची. एक मला अजून पाठ आहे. "निकाल चुकला तर आधी आपलं पाणी तपासा, मग दुसऱ्याचा माल."

डिग्री झाली आणि माझ्याच कंपनीच्या लॅबमध्ये तिला घेतलं. तीन महिने बघू, मग कायम करू, असं मोठे साहेब म्हणाले. त्याच आठवड्यात तिथली बाटल्या धुणारी बाई काम सोडून गेली. सुपरवायझरनं पॅकिंगमधून मला तिकडे पाठवलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. पंखा होता, आणि पोरगी डोळ्यांसमोर होती.

काम सोपं होतं. काचेची भांडी साबणानं घासायची, नळाखाली धुवायची, आणि शेवटी कोपऱ्यातल्या मोठ्या कॅनमधल्या पाण्यानं विसळायची. शोभाही तपासणीला त्याच कॅनमधलं पाणी घ्यायची. ते पाणी एका यंत्रातून वाफ होऊन थेंब थेंब पडायचं. मला कुणी सांगितलं नाही की ते का वेगळं. सोमवारी बघितलं तर कॅनमध्ये शनिवारचं पाणी. मी काय करणार? ओतलं आणि नळाचं ताजं भरलं. मग रोज सकाळी तेच, सगळ्यांच्या आधी येऊन. वाटलं, माझी पोरगी शिळ्या पाण्यावर कशाला काम करेल.

त्या आठवड्यात शोभाच्या हातचा प्रत्येक माल नापास व्हायला लागला. कंपनीला औषधात मीठ उतरलेलं चालत नसे, आणि तिच्या तपासणीत दरवेळी मीठ दिसायचं. पिंपं अडली. मोठे साहेब तिच्या टेबलाजवळ येऊन म्हणाले, "कॉलेजात काय भेळ करायला शिकवलं का? शनिवारपर्यंत बघतो." ते मी मोरीत उभी राहून ऐकलं. घरी ती जेवली नाही. म्हणाली, "माझा हातच वाईट आहे." मी म्हटलं, "हाताला काय झालंय? जेव."

शुक्रवारी तिनं काचेच्या नळीत कॅनमधलं पाणी घेतलं आणि मीठ तपासायच्या बाटलीतून दोन थेंब टाकले. पाणी पांढरं झालं, पाण्यात दूध घातल्यासारखं. ती माझ्याकडे आली.

"आई, कॅन कुणी भरला?"

"मी."

"कशानं?"

"नळानं. आतलं शिळं होतं."

तिनं नळी खाली ठेवली. मग म्हणाली, नळाच्या पाण्यात मीठ असतं, थोडं, जिभेला कळत नाही. मी म्हटलं, "मग सरांचं ते पाठ करत होतीस ना, आधी पाणी तपासा? का नाही तपासलंस?"

"तू भरलेलं होतं म्हणून."

ती म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. कॅन रिकामा कर, मी माझी चूक म्हणून सांगते." तिची चूक ठरली असती तर शनिवारी तिचा कोट खुंटीवर राहिला असता. मी हात पुसले आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "का ओतलंत, मावशी?" मी म्हटलं, "शिळं होतं." ते आधी हसले. मग हसायचे थांबले. म्हणाले, "मुलीला उद्यापासून नवीन पाण्यावर काम करू दे. तुम्ही येऊ नका."

शोभानं पुन्हा तपासलं. माल पास झाला आणि तीन महिने भरल्यावर ती कायम झाली. महिनाभर ती माझ्याशी नीट बोलली नाही. माझं काम गेलं म्हणून की मी सांगितलं म्हणून, ते मी विचारलं नाही. नंतर मी घरीच वाती, पापड असं काही करत राहिले.

तिनं पुढे इथं शिरगावात फ्लॅट घेतला. हे इथेच वारले. शोभा आता बडोद्याला आहे, मोठ्या लॅबमध्ये, हाताखाली माणसं आहेत. मी इथं एकटी. गुडघे दुखतात, जिना नको वाटतो, खिडकीतून दुसरी बिल्डिंग दिसते. किसन, मी सुटले नाही. एका जागेवरून उठले आणि दुसऱ्या जागेवर दमले, एवढंच. तू तिथं दमलास.

पाड्यावर येऊन राहा म्हणतोस. माझं घर पडून तिथं आता कुडाचे खांब, मेढीसुद्धा नाहीत. बाबांचं खाचर पाण्याखाली आहे, आणि तेच पाणी माझ्या नळाला येतं. येऊन मी काय बघू?

शोभा दिवाळीला येते. तिला आता सवयच लागलीय. हॉटेलात गेलं तरी ग्लास उजेडात धरून बघते, प्रवासात स्वतःची बाटली ठेवते. मी सकाळी शिळं ओतून माठ भरलेला असतो. ती चप्पल काढते, पिशवी खाली टाकते, माठात तांब्या बुडवते आणि उभ्यानंच पिते. बघत नाही, विचारत नाही. मला घर म्हणून दाखवायला तेवढंच आहे.