गाळलेलं वाक्य

निळ्या शाईचा वास आला की मला पेणजवळच्या शाळेतली ती तालीम आठवते. जत्रेतल्या नाटकाच्या नकला उतरवायचं, म्हणजे प्रत्येकाची भाषणं वेगळ्या वहीत लिहून द्यायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी मास्तर आणि अक्षर बरं. त्यात रुसलेली नायिका प्रियकराला म्हणायची, “चालता हो, तुझं तोंड बघायचं नाही मला. उद्या कधी येशील?” मला ती लिहिणाऱ्याची चूक वाटली आणि मी दुसरं वाक्य गाळलं. नायिकेचं काम करणारी मुलगी मिठागरातल्या कामगाराची. मूळ पुस्तक पाहून ती म्हणाली, “मास्तर, तिच्या मनातलं तेच तर हाय. ते का काढलंत?” मी म्हणालो, “एका तोंडानं दोन गोष्टी कोण बोलतं?” ती वही घेऊन आपल्या जागेवर गेली. शेवटच्या तालमीनंतर, खाडीवरून खारा वारा सुटलेला असताना, चपला घालता घालता ती म्हणाली, “रोह्याचं स्थळ आलंय मला.” मग वळून म्हणाली, “तुम्ही आमच्या घरी येऊ नका हां. बाबा चारला मिठागरावरून येतात.” येऊ नका म्हणाली, म्हणून मी गेलो नाही. त्याच वैशाखात तिला रोह्याला दिली. तिचंही दुसरं वाक्य मी गाळलं, हे कळायला म्हातारपण यावं लागलं.