अंगावरून गेलेलं वारं

वॉर्डात बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक काका आहेत. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. नर्सनं खिडकी उघडली की काकू लगेच लावून घेतात. म्हणतात, “अंगावरून वारं गेलंय ना यांच्या!” गावातल्या डॉक्टरांनीही ‘वारंच आहे’ म्हणत इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. मग तेल चोळण्यात दिवस गेला. गुठळी मेंदूत होती. लगेच आणलं असतं तर कदाचित हात वाचला असता, असं इथले डॉक्टर म्हणाले. या दुखण्याला वारं हे नाव कुणी दिलं कोण जाणे! वारं म्हटलं की माणसाला वाटतं, आलं तसं जाईल.

आज फार उकडत होतं. काकांनी डाव्या हातानं खिडकीकडे बोट दाखवलं. काकूंनी समजल्यासारखी मान डोलावली, उठल्या आणि कडी आणखी घट्ट लावून आल्या.