चाळीस मिली

कोविड वॉर्डातल्या सिस्टरला किस्से विचारायचे नसतात. एक सांगायला घेतला की मागून चार उभे राहतात! मी शहापूरला होते. लोकांना वाटतं, सगळे किस्से ऑक्सिजनचे असतील. छे! माझे निम्मे लघवीचे!

*

वैशाखऱ्याचे काशिनाथकाका आले तेव्हा ताप उतरलेला, श्वासही बरा. पण दोन दिवस लघवी नाही आणि किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन बघून डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

काका वैतागले. "रोग छातीचा ना? मग मूत कशाला मोजता?"

"काका, कोरोना नुसता छातीत बसत नाही. तुमच्या किडन्या थांबल्यात. मशिनवर रक्त साफ करू. पण त्या परत चालू होतात का, ते ही बाटलीच सांगणार."

तेव्हापासून काका बाटलीकडे बघायलाही घाबरायचे.

*

अंग दुखतं म्हणून काकांनी घरी मूठभर गोळ्या खाल्लेल्या. त्यानंही किडनीवर ताण येतो.

"कुणी दिल्या?"

"शेजाऱ्यानं. त्याला लगेच गुण आला होता."

"त्यालाही कोरोना होता?"

"नाय. म्हशीनं लाथ मारलेली!"

*

काकूंना वॉर्डात प्रवेश नव्हता. घरात रेंज नाही, म्हणून त्या रोज सकाळी एसटीच्या थांब्यावर येऊन मला फोन करायच्या. चारचौघांत लाजत विचारायच्या, "सिस्टर, झाली का?"

"नाही काकू."

एकदा फोन ठेवता ठेवता मागून पाच-सहा आवाज ऐकू आले, "आजपण नाय झाली!" मला हसूच आलं.

*

काकूंनी सहा शहाळी पाठवली. डॉक्टर केवढ्यांदा ओरडले! "त्यात पोटॅशियम असतं, किडनी बंद असताना हृदय थांबेल!" शेजारच्या कॉटवर सापगावचे मधूभाऊ होते, किडन्या ठणठणीत. त्यांना दिली. त्यांनी एका दिवसात सहाही संपवली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची बाटली भरलेली! सहाशे मिली! मी नाचायचीच बाकी होते. काकूंना फोन केला तर त्या रडायलाच लागल्या, थांब्यावर टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी त्या दिवशीचं डायलिसिस थांबवलं.

दुपारी रिपोर्ट आला. पोटॅशियम आणखी वर! किडनी चालू झाली असती तर ते खाली यायला हवं होतं.

मी काकांना बाटलीबद्दल विचारलं. काका भिंतीकडे तोंड करून झोपले. मधूभाऊंनी मान खाली घातली.

"सिस्टर, रोज यांच्या बायकोचा फोन झाला की यांचं तोंड एवढंसं होतं. बघवत नव्हतं. माझीच यांच्या बाटलीत ओतली. आन शहाळी तर यांचीच ना प्यालो!"

तेव्हा नाही हसू आलं. काकांना ताबडतोब मशिनवर घेतलं. दुसऱ्या सकाळी काकूंचा फोन आला तेव्हा खरं काय ते मीच सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

पुढचे चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी काकांनी हाक मारली. पडदा ओढला, बाटली मी स्वतः धरली. झाली! थोडीशीच. मी दोनदा मोजली आणि धावत जाऊन फोन लावला.

"काकू, चाळीस मिली!"

या वेळी थांब्यावर टाळी नाही. काकूंनी हळूच विचारलं,

"सिस्टर, ही त्यांचीच ना?"