उस्मानचाचांचं घड्याळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच नाही — तिच्यापायीच तर सगळं झालं!

अकोटकडून आमच्या खदानीवर गेलात तर आज काय दिसेल? हिरव्या पाण्याचा मोठा खड्डा, चार कडुलिंब आणि बेशरमाची झुडपं. पण एके काळी तिथे अख्खी वस्ती होती. मोठ्या रस्त्याचं काम निघालं, गिट्टी लागली, ती फोडायला क्रशर बसला — आणि बघता बघता टिनाची घरं, दोन हॉटेलं, न्हावी, मोबाइल रिचार्जचं दुकानसुद्धा! धूळ अशी, की नवरदेवाला हळदीआधी तिचीच पावडर लागायची.

दुपारी एकला शिट्टी, मग सुरुंग. सुरुंग भरायचे उस्मानचाचा, शिट्टी माझी. सुरुंगाजवळ मोबाइल चालत नाही, म्हणून वेळ बघायची चाचांच्या घड्याळात. त्यांच्या वडिलांचं, किल्लीचं. चाचांचे हात कामात, ते नुसतं मनगट पुढे करायचे आणि काटे वाचायचो मी. शिट्टी झाली की सगळे शेडमध्ये. सुरुंग उडेपर्यंत कोणी हलायचं नाही.

आता शोभा. ती बापाचा डबा घेऊन साडेबाराला यायची आणि पावणेएकला निघायची. मी बोलायचं कधी? सांगा ना — कधी?

एक दिवस चाचांनी मनगट पुढे केलं. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "वाजला एक." शिट्टी मारली आणि शोभा शेडमध्ये अडकली, थेट माझ्या शेजारी! मग काय, चटकच लागली. आठवडाभर हेच.

शेवटी मुकादम तापला. "काहून बे, रोज लवकर शिट्टी मारून राहिला?"

आणि मी चाचांच्या देखत म्हणालो, "चाचाच्या घड्याळात एक वाजला होता."

मुकादमाने घड्याळ पाहिलं. "आता तं बराबर दाखवून राहिलं!"

"मधातच पुढं पळते ते. जुनं हाय ना."

ते कधीच पळालं नव्हतं. चाचांनी ते कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं. "असन बापा," ते म्हणाले. "जुनं झालं. मीबी झालो."

ज्याच्या वेळेचा भरवसा नाही, त्याच्या हाती सुरुंग कोण देणार? दुसऱ्या दिवसापासून चाचा गेटवर ट्रक मोजायला बसले. त्यांनी उडवलेल्या सुरुंगाचा एक खडाही कधी शेडपर्यंत आला नव्हता. केवढा अभिमान होता त्यांना! मी बोललो का? नाही. नोकरी जाईल, शोभा जाईल... भित्रा होतो, दुसरं काय?

पुढे रस्ता झाला, खदानीला पाणी लागलं, क्रशर हलला. लोकांनी टिनं उचलली आणि वस्ती उठली. शोभा मात्र माझ्याच घरी आली.

दर हिवाळ्यात आम्ही जुने लोक त्याच कडुलिंबांखाली रोडगे आणि वांग्याची भाजी करतो. नुसता धुडगूस असतो! शोभा दरवर्षी तीच गोष्ट रंगवते, "चाचाचं घड्याळ पुढं पळालं नसतं, तं मी याले भेटलीच नसती!" सगळे हसतात. चाचा सगळ्यांत मोठ्याने. मीसुद्धा हसतो.

यंदा जेवण झाल्यावर चाचा माझ्याजवळ येऊन बसले. मनगटावर तेच घड्याळ, टिकटिक चालू. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "टाइम काय झाला, बापू?"

मी मोबाइल काढून सांगितलं, "अडीच."

त्यांच्या घड्याळातही अडीचच वाजले होते.